सतरा बिया

पोलीस खात्यात मी एकतीस वर्षं काढली. त्यातले बरेच गुन्हे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणती चोरी कोणत्या ठाण्यात असताना झाली, हे सांगताना थोडा विचार करावा लागतो. पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमधल्या पोत्याचं तसं नाही. त्याचं वजन मी झोपेतून उठवलं तरी सांगेन. बारदान वगळून चौदा किलो दोनशे ग्रॅम.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. बेंगळुरूच्या वायव्येला, कारखान्यांच्या पट्ट्याजवळच्या एका ठाण्यात मी इन्स्पेक्टर होतो. आमचं घराणं चार पिढ्यांपासून या शहरात आहे. घरात मराठी, ठाण्यात कन्नड, आणि वरिष्ठांपुढे शक्य तितकं कमी बोलायचं, असा माझा शिरस्ता होता.

छाप्याच्या काही महिने आधी वरच्या कार्यालयातून एक परिपत्रक आलं होतं. एकच पान. भांगेच्या झाडाचा कोणताही भाग, अगदी नुसती पानंही, गांजा समजून केंद्राच्या अंमली पदार्थविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवावा, असं त्यात होतं. दिल्लीत बैठक झाली, तिथे सगळ्या राज्यांकडून आकडे मागितले गेले आणि आपल्या राज्याचा आकडा लहान निघाला, असं आम्हाला तोंडी सांगण्यात आलं. सकाळच्या हजेरीला मी ते वाचून दाखवलं.

चोवीस वर्षं नोकरी झालेला आमचा हेड कॉन्स्टेबल म्हणाला, "सार, पान म्हणजे भांग. भांग तर अबकारी खात्याची ना?"

"लिहिलंय ते मी वाचलं," मी म्हणालो. "पुढचं वाचू?"

त्याचा प्रश्न बरोबर होता. संसदेने केलेल्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा, फुलाफळांचे शेंडे. शेंड्यांशिवाय असलेली नुसती पानं त्यातून वगळलेली आहेत. ती राज्याच्या अबकारी कायद्याखाली येतात. राज्य त्यांना परवाना देऊ शकतं किंवा बंदी घालू शकतं. ही वाटणी कायद्यानेच केलेली होती आणि एका टाइप केलेल्या पानाने ती मोडायचा अधिकार कुणालाच नव्हता. मी कायद्याचं पुस्तक त्या दिवशीच उघडायला हवं होतं. ते माझ्या मागच्याच कपाटात होतं.

उलट मी काय केलं, तेही सांगतो. पुढच्या दोन महिन्यांत आमच्या दोन प्रकरणांत प्रयोगशाळेने 'फुलोरा आढळला नाही' असं लिहून नमुने परत पाठवले. वरून विचारणा आली. मी ती हेड कॉन्स्टेबलला मेमो देऊन खाली ढकलली. मेमोवर सही माझी होती.

मग तो फोन आला. सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी. पीण्यात लेथचं वर्कशॉप असलेला एक माणूस बोलत होता. त्याने नावही सांगितलं. खबर देणारे सहसा सांगत नाहीत. "शेजारच्या शेडमध्ये पाच बायका सुपं घेऊन गांजा निवडतात. दिवसाढवळ्या! तांदूळ निवडावेत तसा. पोलीस आहेत की नाहीत?"

खबर लिहून घेतली, प्रत एसीपी साहेबांकडे पाठवली, दोन पंच घेतले आणि अकराला आम्ही तिथे पोचलो.

माणूस म्हणाला होता तसंच दृश्य होतं. चटईवर पाच बायका, मांडीवर सुपं, मध्ये हिरवट पाल्याचा ढीग. एका कोपऱ्यात दळायचं यंत्र, दुसऱ्या कोपऱ्यात निवडून झालेलं, सुतळीने तोंड बांधलेलं पोतं. आतून धोतराला हात पुसत एक गृहस्थ आले. वय त्रेसष्ट, पेशाने वैद्य. माझ्या छातीवरच्या पट्टीवरचं आडनाव वाचून ते मराठीतच बोलू लागले.

"काय झालं हो अण्णा? बसा की. उभे का?"

"हा गांजा कुणाचा?"

"गांजा?" ते हसलेच. "हा पाला हो, भांगेचा. पोटाच्या चूर्णात पडतो. माझे आजोबा घालत, वडील घालत, मी घालतो. अक्का, परवाना आण गं."

अक्का म्हणजे त्यांची मुलगी. वय तिशीचं. शेड तीच चालवत असे. तिने प्लॅस्टिकच्या पिशवीतून दोन कागद काढले. एक आमच्या राज्याच्या अबकारी खात्याचा परवाना, दुसरा उत्तरेतल्या ज्या राज्यातून पाला आला तिथला पास. तारखा बरोबर, वजन बरोबर, शिक्के बरोबर.

"स्वल्प नीट बघा," वैद्य म्हणाले. "पाव किलोचाही फरक नाही."

"परवाना राज्याचा आहे," मी म्हणालो. "गुन्हा केंद्राच्या कायद्याचा आहे."

हे वाक्य त्या वेळी मला फार भक्कम वाटलं होतं.

"म्हणजे एका सरकारने हो म्हटलं म्हणून दुसरं सरकार धरणार? मी नक्की कुणाचा गुन्हेगार?"

"ते कोर्टात विचारा."

अक्का मध्ये पडली. "साहेब, पोलीस आजोबांच्या काळातही होते ना? त्यांना वास आला नाही का कधी?"

मी तिला बाजूला व्हायला सांगितलं आणि काम सुरू केलं. काटा मी स्वतः तपासला. सोबत नेलेलं वजन ठेवून शून्य जुळवलं. ढीग आणि पोतं एकत्र करून वजन घेतलं. पंचवीस ग्रॅमचे दोन नमुने काढले. इथवर सगळं नियमाने झालं.

इथून पुढे आमच्या ठाण्याची एक जुनी खोड आड आली. मोहरेचा पितळी शिक्का बाहेर न्यायची आमच्याकडे पद्धत नव्हती. मागे कधीतरी तो हरवला होता आणि कुणाची तरी खातेनिहाय चौकशी झाली होती. तेव्हापासून तो लेखनिकाच्या कपाटात कुलपात असे. माल ठाण्यात आणायचा, तिथे लाख लावायची आणि पंचनाम्यात मात्र 'जागेवरच मोहरबंद केले' असं लिहायचं. पंचनाम्याला आमच्याकडे महजर म्हणतात. तो मजकूर लेखनिक मागच्या महजरातून उतरवून घेत असे. त्या दिवशीही घेतला. 'फुले, फळे व बिया असलेला हिरवट रंगाचा गांजा.' मी आकडे तपासले, अक्षरं तपासली नाहीत. सही केली.

ठाण्यात आल्यावर पोतं व्हरांड्यात ठेवलं. नमुन्यांच्या पुड्या हेड कॉन्स्टेबलकडे होत्या. मी वैद्यांचा जबाब घ्यायला बसलो. पोत्याला आणि पुड्यांना लाख लागायला तास-सव्वा तास गेला असेल.

जबाबात वैद्यांनी एकही गोष्ट बदलली नाही. मी तोच प्रश्न चार प्रकारे विचारला, चारही वेळा तेच उत्तर आलं. नोकरीत मी एक पाहिलंय, खोटं बोलणारा माणूस चौथ्या वेळी काहीतरी सुधारतो. हे गृहस्थ मला कंटाळले होते, एवढंच.

केंद्राच्या त्या कायद्याखाली जामीन फार अवघड. न्यायालयाने महजर वाचला, त्यात 'फुले, फळे, बिया' होतं, जामीन नाकारला. वैद्य तुरुंगात गेले. त्यांना दमा होता. खटला उभा राहायला तीन-चार वर्षं लागत, म्हणजे त्या वयाच्या माणसाने आतच म्हातारं व्हायचं. आरोपपत्रासाठी मला साठ दिवस होते.

सत्तेचाळिसाव्या दिवशी प्रयोगशाळेचा अहवाल आला. दोन ओळींचा. नमुना गांजाचा आहे. फुलोरा व बिया आढळल्या.

त्याच दुपारी अक्का ठाण्यात आली होती. वडिलांसाठी दम्याचं औषध तुरुंगात देण्याची परवानगी हवी होती. मी अर्जावर शेरा लिहिला आणि म्हणालो, "अहवाल आलाय. बिया सापडल्यात."

ती खुर्चीवरून उठलीच. "बिया? शक्य नाही."

"प्रयोगशाळा खोटं बोलते?"

"साहेब, त्या पाच बायका काय करत होत्या, कधी विचारलंत? बी वेचत होत्या! बी तेलकट असतं. एक जरी राहिलं तरी महिन्याभरात चूर्णाला खवट वास सुटतो. बाबा बाटली परत घेतात आणि मला शिव्या घालतात. पोतं तीनदा निवडल्याशिवाय आम्ही तोंड बांधत नाही. तुमच्या ढिगातही बी नव्हतं, ती तिसरी फेरी चालू होती."

"वेचलेल्या बियांचं काय करता?"

"भट्टीत. आणखी काय करणार, हार?"

ती गेल्यावर मी अहवाल पुन्हा वाचला. मग एसीपी साहेबांकडे गेलो. पोतं न्यायालयासमोर उघडून तपासायची परवानगी हवी, असं सांगितलं.

साहेबांनी चष्मा काढला. "कशासाठी? बी असो वा नसो, परिपत्रकाप्रमाणे पानही गांजाच. आरोपपत्र टाका आणि मोकळे व्हा."

"सर, कायद्यात पानं वगळली आहेत."

"तुम्ही वकील कधीपासून झालात?" मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "आणि एक विचार करा. आरोपी तुमच्या भाषेचा. इन्स्पेक्टर त्याच्यासाठी पोतं उघडायला निघालाय. लोक काय म्हणतील? चौकशी लागली तर मी मध्ये येणार नाही."

ते मला धमकावत नव्हते, खरं तेच सांगत होते. मलाही ते टोचलंच. आरोपी दुसऱ्या कुणाच्या भाषेचा असता तर मी हे केलं असतं का? हा प्रश्न दोन दिवस मी स्वतःला विचारला. मग तो उलटा करून पाहिला. आपल्या भाषेचा आहे म्हणून त्याला आत राहू द्यायचं, हाही पक्षपातच. तिसऱ्या दिवशी मी अर्ज टाकला.

न्यायालयात जाण्याच्या सकाळी मी घरून रव्याची चाळणी मागितली. बायको म्हणाली, "कोर्टात काय उपमा करणार आहात? आणि त्या पाल्याची ती परत घरात आणू नका." मी बाजारातून नवीन मोठ्या भोकांची घेतली, पावतीसह.

बावन्नावा दिवस. न्यायाधीश, सरकारी वकील, आरोपीचे वकील, मी आणि हेड कॉन्स्टेबल. वैद्यांना बाकावर बसवलं होतं. गळ्याची हाडं दिसत होती. पोत्याची मोहर शाबूत असल्याची नोंद झाली. व्हरांड्यात पांढरी चादर अंथरली आणि मी स्वतः चाळायला बसलो. बारीक पाला खाली पडत होता, वर देठ राहत होते. देठ बोटांनी विस्कटून पाहायचे, बाजूला टाकायचे, खालचा पाला चादरीवर पसरून पाहायचा, पुढचा घास घ्यायचा.  चाळणीच्या आवाजापलीकडे फक्त वैद्यांचा श्वास ऐकू येत होता. तो शिट्टीसारखा वाजत होता.

चौदा किलो दीडशे ग्रॅम पाला होता. त्यात बी एकही नाही, फुलोरा नाही.

मग न्यायालयात ठेवलेली दुसरी पुडी उघडली. पंचवीस ग्रॅम. कागदावर पसरताच काळपट बिया घरंगळल्या. मी मोजल्या. सतरा. शिवाय फुलोऱ्याचे तीन चिकट तुकडे.

न्यायाधीशांनी विचारलं, "इन्स्पेक्टर, या प्रमाणात पोत्यात किती बिया असायला हव्यात?"

"साडेनऊ हजारांच्या वर, सर."

"आणि सापडल्या?"

"शून्य, सर."

सरकारी वकील उठले. पानही गांजाच, तसं परिपत्रक आहे, म्हणून त्यांनी ते पान पुढे केलं. न्यायाधीशांनी ते उलटसुलट पाहिलं. "हे कोणत्या कलमाच्या अधिकारात काढलंय?" वकिलांनी मागची बाजू पाहिली. ती कोरी होती. "व्याख्या संसदेने केली. पाला राज्याच्या कायद्याकडे राहिला. राज्याने या माणसाला परवाना दिला. आता यात दुरुस्ती करायची तर ती संसद करेल, विधानसभा करेल. कार्यालय कसं करेल?" त्यांना उत्तर नको होतं. माझ्याकडे वळून म्हणाले, "बिया कुठून आल्या, ते दोन दिवसांत लेखी द्या."

मी हेड कॉन्स्टेबलकडे पाहिलं. तो चादरीकडे पाहत होता.

ठाण्यात आल्यावर मी त्याला खोलीत घेतलं, दार लावलं, समोर बसवलं. माझ्यापुढे तो प्रथमच खुर्चीवर बसत होता. मी मुद्देमालाची नोंदवही, पितळी शिक्क्याची नोंद आणि त्या दिवसाची स्टेशन डायरी टेबलावर ठेवली.

"माल ठाण्यात आला एक वाजता. शिक्का कपाटातून निघाला सव्वादोनला. मध्ये मुद्देमालाच्या खोलीची किल्ली कुणी घेतली?"

"मी, सार."

"कशाला?"

"पोतं ठेवायला."

"पोत्याला तेव्हा लाख लागायची होती. ते व्हरांड्यात होतं."

त्याने वह्यांकडे पाहिलं. मी पुढचा प्रश्न विचारला नाही. चौकशीत ओरडण्यापेक्षा गप्प बसणं जास्त उपयोगी पडतं, हे मी त्याच्याचकडून शिकलो होतो. बाहेर वायरलेसवर कुणीतरी गाडी मागवत होतं.

"जुन्या केसचं पोतं होतं," शेवटी तो म्हणाला. "गांजाचं. नष्ट करायच्या यादीत. त्यातलं चिमूटभर घेतलं. दोन्ही पुड्यांत."

"पैसे कुणी दिले?"

त्याने एकदम मान वर केली. "सार! चोवीस वर्षांत कुणाचा चहा तरी घेतलाय का मी?"

नव्हता घेतला. मला ते माहीत होतं.

"मग का?"

"तुम्हीच वाचून दाखवलंत ना, पान म्हणजे गांजा. पण लॅबवाले परिपत्रक वाचत नाहीत. ते पुस्तक वाचतात. दोनदा नमुने परत आले. मेमो कुणाला आला? वरच्या साहेबांना? तुम्हाला? मला आला. तिसरा आला असता तर पेन्शनला लागलं असतं." त्याने डायरी माझ्याकडे सरकवली. "मी खोटं केलं नाही, सार. मी आदेश पुरा केला."

मी त्याचा जबाब माझ्या हाताने लिहिला. त्याने वाचला आणि सही केली. मी दिलेला मेमो त्यात घालू नका, असं सुचवणारे ठाण्यात दोघं-तिघं होते. मी तो तारखेसह घातला. न्यायालयात दिलेल्या अहवालात परिपत्रक, मेमो, कपाटातला शिक्का, उतरवून काढलेला महजर आणि त्याखालची माझी सही, हे सगळं क्रमाने लिहिलं.

चौपन्नाव्या दिवशी वैद्य सुटले. हेड कॉन्स्टेबल निलंबित झाला. पुढे तो कामावर घेतला गेला, पण पुन्हा कधी माझ्याशी बोलला नाही. माझ्या सेवापुस्तकात ठपका आला आणि बदली वाहतूक शाखेत झाली. एसीपी साहेब म्हणाले होते तसंच झालं. ते मध्ये आले नाहीत. परिपत्रक कुणी रद्द केलं नाही. काही आठवड्यांनी त्यावर आणखी एक आलं, 'नमुन्यात फुलोरा असल्याची खात्री करावी'. हे वाक्य कुठल्या तरी ठाण्यात कुणी कसं वाचेल, हे मला ठाऊक होतं.

वाहतूक शाखेत रुजू झाल्यावर महिन्याभराने वैद्य मला भेटायला आले. अक्का खाली रिक्षात थांबली होती. ते जिना चढून आले आणि बराच वेळ श्वास जुळवत बसले. मी चहा मागवला.

"चहा नको," ते म्हणाले. "आभार मानायला आलेलो नाही. सोडवलंत हे खरं, पण आत घातलंतही तुम्हीच. एक विचारायचं होतं."

"विचारा."

"त्या दिवशी व्हरांड्यात पोतं चाळायला तुम्हाला किती वेळ लागला?"

मी वेळ लिहून ठेवली होती. "चाळीस मिनिटं."

"सरी, बरं. मग ती चाळीस मिनिटं पहिल्याच दिवशी माझ्या शेडमध्ये का नाही दिलीत? चाळण्याही होत्या तिथे. पाच होत्या."

"वैद्यबुवा, परिपत्रक होतं..."

"मी परिपत्रकाचं नाही विचारलं, अण्णा. तुमचं विचारलं."

 ते उठले आणि कठड्याला धरून जिना उतरून गेले.

त्यानंतर माझी अकरा वर्षं नोकरी झाली. जप्त केलेल्या वस्तूचं नाव लिहिण्याआधी ती वस्तू मी हाताने उलगडून पाहू लागलो. हाताखालच्यांना वेळ जातो असं वाटे, आणि जातही असे. दिल्लीचा अधिकार कुठे संपतो आणि राज्याचा कुठे सुरू होतो, हे ठरवायला मोठी न्यायालयं आहेत, मोठे वकील आहेत, आणि ते त्यांना पाहिजे तितकी वर्षं घेऊ शकतात. पण दारात उभ्या असलेल्या माणसापुढे ना दिल्ली येते ना विधानसौध. त्याच्यापुढे एक इन्स्पेक्टर काटा घेऊन येतो. वरून आलेला कागद कायद्याच्या पलीकडे जात असेल, तर ते ओळखायची शेवटची जागा तीच. तिथे तो इन्स्पेक्टर फक्त कागद वाचून दाखवू लागला, तर खालचे लोक पुराव्याला कागदासारखं करू लागतात. तेही प्रामाणिक लोक, कुणाचा चहा न घेणारे.

त्या खटल्याचा निकाल माझ्या बाजूने लागला, असं काही सहकारी अजून म्हणतात. मी त्यांना दुरुस्त करतो. वैद्यांचे चौपन्न दिवस कोणत्याच सरकारच्या कायद्यात बसत नव्हते. ते माझ्या सहीने गेले.